वेताळाच्या वहाणा

आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, मागाच्या वर एक फळी होती. तिच्यावर तीन जाड गठ्ठे असायचे. बाइंडिंग घरचंच, साडीच्या उरलेल्या तुकड्यांचं. एका गठ्ठ्याच्या पाठीवर तर हिरव्या साडीचा जरीचा काठ आला होता. आत मराठी इंद्रजाल कॉमिक्स. बेळगावच्या शहापुरात विणकरांच्या घरात जन्मलेल्या माझ्यासारख्या मुलीला पुस्तकाचा वास म्हणजे शाईचा आणि कागदाचा वास असतो हे फार उशिरा कळलं. माझ्यासाठी तो वंगणाचा वास होता. दुपारी माग थांबला की आप्पा हात साबणानं दोनदा धुवायचे, पंच्यानं कोरडे करायचे आणि मगच गठ्ठा खाली काढायचे. तरी वास राहायचाच.

मला वाचता येत नव्हतं तेव्हापासून मी ती चित्रं पाहतोय. (आमच्याकडं बेळगावात मुलीही 'मी येतो', 'मी जातो' म्हणतात. शिकताना मी ते बदललं, पण या गोष्टी सांगताना जुनंच तोंडात येतं आणि ते येऊ द्यायचं मी ठरवलंय.) जांभळा पोशाख, डोळ्यांवर काळी पट्टी, पट्टीमागं बुबुळं नसलेले पांढरे डोळे. पांढरा घोडा. सोबत एक लांडगा. मी त्याला कुत्रा म्हणायचो आणि आप्पा दर वेळी न चिडता सांगायचे, "कुत्रा नव्हे, लांडगा."

इंद्रजाल कॉमिक्स मार्च १९६४ मध्ये सुरू झालं. टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशनसंस्थेनं ते काढलं, आणि पहिल्याच अंकात वेताळ होता, म्हणजे इंग्रजीतला फँटम. आप्पा तेव्हा सोळा वर्षांचे होते, नुकतेच आजोबांच्या हाताखाली मागावर बसलेले. आठवड्याच्या मजुरीतून काही पैसे बाजूला काढायचे आणि सायकल हाणत रेल्वे स्टेशनवरच्या स्टॉलवर जायचं, हे त्यांनी पुढं पंचवीसएक वर्षं केलं. मूळ फँटम त्याहून बराच जुना. ली फॉक या अमेरिकन लेखकानं तो १७ फेब्रुवारी १९३६ रोजी वर्तमानपत्रातल्या चित्रपट्टीतून आणला. सुपरमॅन आला जून १९३८ मध्ये, बॅटमॅन त्यानंतरच्या वर्षी. अंगाला घट्ट बसणारा पोशाख आणि चेहऱ्यावर मुखवटा घातलेला नायक म्हटलं की जगाला हे दोघे आठवतात, पण आमचा माणूस त्यांच्या आधी दोन वर्षं जंगलात घोडा पळवत होता. हे सांगताना आजही माझी मान ताठ होते.

पण मला बोलायचंय ते त्याच्या नावाबद्दल.

ज्या कोणी मराठीत फँटमला 'वेताळ' म्हणायचं ठरवलं, त्या माणसाचे माझ्यावर मोठे उपकार आहेत. बंगालीत तो अरण्यदेव झाला. तेही सुंदर आहे, पण त्यात तो देव होऊन थोडा लांब जातो. वेताळ मात्र आमच्या घरात आधीच होता. एक विक्रमाच्या खांद्यावर बसून कोडी घालणारा. आणि दुसरा, माझ्यासाठी जास्त खरा, आईच्या माहेरचा.

आईचं माहेर वेंगुर्ल्याकडचं. मे महिन्यात आंबोलीचा घाट उतरून सावंतवाडीमार्गे आम्ही जायचो, आणि एकदा तरी आरवलीला वेतोबाच्या पाया पडायला जायचो. माणसापेक्षा उंच, उभी मूर्ती. नवसाचे केळ्यांचे घड. आणि चामड्याच्या वहाणा, इतक्या मोठ्या की एकीत माझी दोन्ही पावलं मावली असती. वेतोबा रात्री गावाची राखण करत फिरतो, फिरून फिरून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून लोक नव्या वाहतात, असं मामीनं सांगितलं. मी सहा-सात वर्षांचा असेन. मला सगळं एकदम जुळलं. इंग्रजीत फँटमला चालतं-फिरतं भूत म्हणतात हे मला तेव्हा माहीत नव्हतं, पण रात्री चालणारा, कुणाला न दिसणारा, मरत नाही असं सगळे मानतात तो, हे तर आप्पांच्या गठ्ठ्यातलंच होतं. मी देवळातच मोठ्यानं विचारलं, "याचा घोडा कुठाय?"

मामी चपापली. आप्पा माझ्याजवळ वाकले आणि म्हणाले, "घोडा नाही म्हणून तर वहाणा झिजतात."

एवढ्या एका वाक्यानं अमेरिकेतला तो माणूस माझा झाला तो झालाच.

त्या नावात आणखी एक गोष्ट आहे. हिंदीत त्याला 'वेताल' म्हणतात. मराठीत ळ येतो आणि जीभ टाळूकडं वळते. तसाच ळ कन्नडमध्येही आहे, तिकडं 'बेताळ' म्हणतात. आमच्या गावाच्या नावातही तोच ळ बसलाय, बेळगाव म्हणा की बेळगावी. शेजारच्या घरी कन्नड होती, आमच्या घरी मराठी, आणि दारात भाजीवाली आली की दोन्ही घरच्या बायका दोन्ही भाषांत भाव पाडायच्या. शेजारची माझ्या वयाची मुलगी कन्नड शाळेत जायची. शाळेत हिंदी असल्यामुळं तिला देवनागरी अक्षरं येत होती, पण मराठी शब्द अडायचे. ती माझ्या खांद्यावरून वाकून चित्रं बघायची आणि अधूनमधून एखाद्या शब्दावर बोट ठेवून विचारायची, "हे काय?" वेताळ हा शब्द तिनं कधी विचारला नाही. पहिल्याच दिवशी म्हणाली, "अय्यो, बेताळ!" आणि तिथून पुढं आमचं वाचन सुरू झालं.

आता गोष्टीकडं येतो. वेताळाला कसलीही दैवी शक्ती नाही. तो उडत नाही, भिंतीवर चढत नाही, गोळी लागली तर मरतो. १५३६ साली समुद्री चाच्यांनी एक जहाज लुटलं, त्यातून एकच तरुण वाचून किनाऱ्याला लागला. बापाला मारणाऱ्या चाच्याची कवटी हातात घेऊन त्यानं शपथ घेतली: चाचेगिरी, लोभ, क्रौर्य आणि अन्याय यांच्याशी आयुष्यभर लढेन, आणि माझ्यामागं माझा मुलगा, मग त्याचा मुलगा. गोष्टी घडतात त्या एकविसाव्या वेताळाच्या काळात. म्हणजे वीस जण मरून गेलेत. कवटीच्या गुहेत त्यांच्या समाध्या ओळीनं आहेत आणि प्रत्येकानं लिहिलेल्या रोजनिशांच्या वह्या फळ्यांवर लावलेल्या आहेत. बाहेरच्या जगाला वाटतं, चारशे वर्षं हा एकच माणूस जगतोय.

लहानपणी मला घोडा आवडायचा, कवटीची अंगठी आवडायची, ठोसा मारला की गुंडाच्या जबड्यावर उमटणारी ती खूण आवडायची. डाव्या हातातली दुसरी अंगठी रक्षणाची, ती खूण दारावर असली की त्या घराला कुणी हात लावत नाही. हे सगळं आवडायचं. पण फॉकची खरी करामत वेगळी आहे, आणि ती मला पुस्तकातून कळलेली नाही.

मी आठ वर्षांचा असताना आजोबा गेले. तिसऱ्या दिवशी राख सावडली. चौथ्या दिवशी पहाटे आप्पांनी आजोबांचा माग सुरू केला. सुतकात. भावकीनं नावं ठेवली, आत्या रडली. पण एका लग्नघरचं लुगडं मागावर अर्धं राहिलं होतं आणि मुहूर्त कुणासाठी थांबत नाही. मी उठून बाहेर पायरीवर जाऊन बसलो. आतून तोच आवाज येत होता. तोच धोटा, त्याच ठेक्यात, इकडून तिकडं. दूधवाला आला, माप घालून गेला. त्याला आवाजावरून कळलं नसतं की आत माणूस बदललाय.

त्या दुपारी मी गठ्ठा काढून विसावा वेताळ मरतो तो भाग वाचला. परदेशात शिकणाऱ्या मुलाला निरोप जातो, तो येतो, बापाच्या उशाशी बसतो, बापाला समाधीत ठेवतो आणि तेच कपडे, त्याच अंगठ्या घालून बाहेर पडतो. रडायला त्याला एखादी चौकट मिळते, फार तर दोन. कारण तो रडत बसला तर लोकांना कळेल की वेताळ मेला होता. मी ते पान आप्पांना दाखवलं नाही. त्यांनी ते माझ्याआधी कितीतरी वेळा वाचलेलं असणार.

मुखवट्याचे नायक पुढं पुष्कळ झाले आणि बहुतेकांचा मुखवटा चेहरा लपवायला असतो. वेताळाचा मुखवटा मृत्यू लपवायला आहे. इतकी साधी आणि इतकी खोल कल्पना मला सुपरहिरोंच्या साऱ्या कथांत दुसरी सापडलेली नाही, आणि मी पुष्कळ वाचलंय.

चित्रांबद्दलही सांगायला हवं. विल्सन मॅकॉय यांच्या काळातली रेघ साधी, सरळ, जवळजवळ मुलांनी काढल्यासारखी. १९६१ मध्ये साय बॅरी आले आणि १९९४ पर्यंत त्यांनी हे काम केलं. त्यांचं जंगल मला आजही तोंडपाठ आहे. निम्मं पान काळं, त्यात पानांच्या कडा तेवढ्या उजळलेल्या, आणि काळोखातून दोन पांढरे डोळे. खानापूरच्या पुढं रात्रीची एसटी जंगलातून जायला लागली की मी काचेला नाक लावून ते डोळे शोधायचो. दुसरी गोष्ट म्हणजे कथेचा ठेका. मुळात या रोज वर्तमानपत्रात येणाऱ्या दोन-तीन चौकटींच्या पट्ट्या. कालचं वाचक विसरला असेल म्हणून आज पुन्हा थोडं सांगायचं, मग पुढं जायचं. पुस्तकात एकत्र छापल्यावर हे सांगणं पुन्हा पुन्हा येतं. अनेकांना ते कंटाळवाणं वाटतं. मला नाही वाटत. काठाची नक्षी अशीच पुढं सरकते, थोडं मागचं घेऊन.

मुलगी असून तुला वेताळ कसा आवडला, असं मला कॉलेजात पहिल्यांदा विचारलं गेलं. तोवर हा प्रश्नच पडला नव्हता. शहापुरातल्या परड्यात मी "मी वेताळ होणार" म्हणायचो आणि आमच्या बोलीत त्यात काही वावगं नव्हतं. शेजारची मैत्रीण घोडा व्हायची, मग आम्ही बदलायचो. येळ्ळूरचा राजहंसगड ही आमची कवटीची गुहा ठरली होती, कारण गच्चीवरून तो दिसायचा आणि आम्हाला एकट्यानं तिथं जायला परवानगी नव्हती. पुढं कितीतरी वर्षांनी फॉकचीच एक कथा वाचायला मिळाली: सतरावा वेताळ जायबंदी होतो तेव्हा त्याची जुळी बहीण ज्युली त्याचा पोशाख चढवते आणि जंगल सांभाळते. ती वाचून झाल्यावर मी बराच वेळ पुस्तक मिटलं नाही.

१९८६ चा जून. कन्नड सक्तीच्या विरोधातलं आंदोलन पेटलं होतं. हिंडलग्याला गोळीबार झाला, माणसं गेली. मी दहा वर्षांचा होतो. माग बंद, बाजार बंद, गल्लीत कुजबुज. मोठी माणसं संध्याकाळी दार लावून घ्यायची आणि शेजारच्या घराचं दारही लागलेलं असायचं. कुणी भांडलं नव्हतं. कुणी कुणाला एक वाकडा शब्द बोललं नव्हतं. फक्त बोलणंच थांबलं होतं, आणि लहान मुलीला ते भांडणापेक्षा भीतिदायक वाटतं.

चौथ्या का पाचव्या दिवशी परड्यातल्या भिंतीपलीकडून हळू आवाज आला, "वेताळ दे की."

बाइंड न केलेले नवे अंक होते. मी एक उचलला आणि दगडावर चढून भिंतीवर ठेवला. पलीकडून हात आला आणि तो घेऊन गेला. दोन दिवसांनी अंक परत भिंतीवर होता, वर दगड ठेवलेला, वाऱ्यानं उडू नये म्हणून. मग दुसरा. मग तिसरा. असं किती दिवस चाललं ते आठवत नाही. आईनं पाहिलं असणार. त्या भिंतीवर रंगवलेलं सूत वाळत असायचं, ते ती संध्याकाळी आपणहून बाजूला सारून ठेवायला लागली, हाताएवढी जागा सोडून. ती काही बोलली नाही. आम्हीही नाही.

मग दारं उघडली, बाजार भरला, माग सुरू झाले. त्या दिवसांत गेलेल्या माणसांच्या घरची दारं कशी उघडली असतील, हे कळण्याचं माझं वय नव्हतं.

त्याच गठ्ठ्यांत बहादूरही होता. आबिद सुरतींनी १९७६ मध्ये, म्हणजे माझ्या जन्माच्या वर्षी, त्याला जन्म दिला. झब्बा आणि जीन्स घातलेला आपल्या मातीतला नायक. त्याचा बाप डाकू, पोलिसांच्या गोळीनं मेलेला, आणि ज्या पोलिसानं गोळी झाडली त्यानंच या मुलाला वाढवलं. वेताळ बापाचं काम पुढं नेतो, बहादूर बापाच्या कामाकडं पाठ फिरवतो. आप्पांना वेताळ जास्त आवडायचा, मला काही वर्षं बहादूर, आणि त्यावरून आमचे जेवताना खरेखुरे वाद व्हायचे. मी शिकायला पुण्याला जायचं ठरवलं, मागावर बसायला मुलगा नव्हता आणि मी बसणार नव्हतो, तेव्हा आप्पा एवढंच म्हणाले, "बहादूर." मला ते आशीर्वादासारखं वाटलं.

मोठेपणी पुन्हा वाचताना काही गोष्टी टोचल्या. आफ्रिकेतल्या जंगलात गोरा माणूस सिंहासनावर बसतो आणि काळी माणसं त्याच्याभोवती उभी राहतात. ते तसं रंगवलेलं आहे आणि मी डोळेझाक करणार नाही. भारतातल्या अंकांत त्या देशाचं नाव डेंकाली केलं होतं आणि चाच्यांच्या टोळीचं सिंग हे नाव बदलून सिंगा. म्हणजे आपल्या लोकांना काय बोचेल हे संपादकांना कळत होतं, पण दुसऱ्याला काय बोचेल तिथवर हात पोचला नाही. फॉक स्वतः थोडा बदलत गेला, पुढच्या कथांत त्या देशाला लुआगासारखा निवडून आलेला, सज्जन काळा राष्ट्राध्यक्ष त्यानं दिला. मला ते पुरेसं वाटत नाही. आणि तरीही तो विसावा वेताळ मरतो ते पान मी टाकू शकत नाही. दोन्ही गोष्टी माझ्याजवळ आहेत.

आणखी एक गोष्ट मला विणकराची मुलगी म्हणून लागते. जेरी सीगल आणि जो शूस्टर या दोन पोरांनी सुपरमॅन घडवला आणि त्याचे हक्क १३० डॉलरना विकले. नाव आणि पेन्शन मिळायला त्यांना १९७५ उजाडावं लागलं. बॅटमॅन घडवण्यात बिल फिंगरचा मोठा वाटा, पण चित्रपट आणि मालिकांत त्याचं नाव अधिकृतपणे लागलं २०१५ मध्ये, तो जाऊन चार दशकं झाल्यावर. शहापूरची साडी नेसणारीला विणणाऱ्याचं नाव ठाऊक नसतं. 'वेताळ' असं लिहिणाऱ्याचं नाव माझ्या गठ्ठ्यांत कुठंही नाही. सिनेमाच्या शेवटी पांढऱ्या अक्षरांत शेकडो नावं सरकतात आणि लोक उठून जातात. मी बसतो. सगळी वाचतो.

१९९० मध्ये इंद्रजाल बंद झालं. आठशेच्या वर अंक निघाले होते. आमच्या घरी ही बातमी म्हणून आली नाही. आप्पा स्टेशनवरून रिकाम्या हातानं आले, पुढच्या आठवड्यात पुन्हा रिकाम्या हातानं, आणि मग सायकल घेऊन जायचे थांबले. ली फॉक मार्च १९९९ मध्ये गेला, शेवटपर्यंत वेताळ लिहीत. चित्रपट्टी दुसऱ्यांच्या हातांनी चालू राहिली.

आमचा माग आता नाही. तो भंगारात वजनावर गेला तेव्हा मी पुण्यात होतो आणि आप्पांनी मला दोन महिन्यांनी सांगितलं. त्यांना आता बारीक अक्षर दिसत नाही. गेल्या दिवाळीत गेलो तेव्हा ते म्हणाले, ट्रंकेत सुटे अंक आहेत, बाइंड करायचे राहून गेले, त्यातलं काहीतरी वाच. मी जेवणानंतर त्यांच्या खाटेशी बसलो आणि पहिला हाताला आला तो अंक उघडला.

शब्दांखाली पेन्सिलीनं काहीतरी लिहिलेलं होतं. दिव्याखाली धरलं. बारीक, गोल कन्नड अक्षरं. 'चाचे'च्या खाली कडलगळ्ळरु. 'गुहा'च्या खाली गवि. 'कवटी'च्या खाली तलेबुरुडे. 'शपथ'खाली आणे. भिंतीवरून गेलेला अंक होता तो, आणि तिला तेव्हा "हे काय?" म्हणून विचारायला कुणी नव्हतं. घरातल्या कुणाला तरी विचारून, शोधून, तिनं एकेक शब्द लावला होता. मी पानं उलटत गेलो. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत 'वेताळ' हा शब्द कितीतरी वेळा होता. त्याच्याखाली एकदाही पेन्सिल टेकलेली नव्हती.

"थांबलीस कशाला?" आप्पा म्हणाले. "वाच की पुढं."